विचारून लावलेला हात

आमची धाकटी नर्स झाली ती माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या घरात आणि माझ्या माणसावर हात बसवून. लोक तिचं कौतुक करतात तेव्हा मीही मान हलवते. मान हलवायला काय जातं! पण पोटात दुखायचं ते दुखतंच. घरात कुणाला मी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण तुमच्यापासून कशाला लपवू?

माझा माणूस म्हणजे माझे सासरे. नवरा नव्हे. नवऱ्यावर कुणी हात बसवला असता तर मी म्हटलं असतं, घेऊन जा बाई, आणि संध्याकाळी आणून सोड.

सासऱ्यांना आम्ही सगळे बाबा म्हणतो. बाबा शाळेत ड्रिल मास्तर होते. मैदानाच्या या टोकाला ‘सावधान’ म्हणाले की त्या टोकाची पोरं ताठ व्हायची. तो आवाज एका सकाळी दाढी करता करता गेला, आणि आवाजाबरोबर उजवा हात नि उजवा पायही गेला. दवाखान्यातून घरी सोडायच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, “घरी यांचं सगळं बघणारं कोण आहे?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थोरली सून. घराला थोरलीकडे बघायची सवयच असते.

बघितलं मी. तळहाताच्या फोडासारखं जपलं. भरवणं, धुणंपुसणं, दाढी, नखं, चादरी, सगळं. माझा हात झटपट. बाबांना काही कळायच्या आत त्यांचा सदरा बदललेला असायचा. बोलत मी नसे, कारण समोरून उत्तर येणार नाही तिथे बोलायचं काय? पण जेवण झालं, तोंड पुसलं की बाबा डावा हात उचलायचे आणि माझ्या मनगटावर हलकेच थोपटायचे. ड्रिल मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला शाबासकी दिली नव्हती म्हणे. ती थाप माझी होती. घरात येणारेजाणारे बघायचे आणि म्हणायचे, बाबांना थोरलीशिवाय चालत नाही. हे वाक्य कानावर पडलं की माझी कंबर दुखायची थांबायची.

धाकटी तेव्हा घरात नवीन होती. माझा दीर ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. ही शाळेत विज्ञान शिकलेली, पुढे शिकायचं मनात, आणि तेवढ्यात लग्न होऊन आमच्याकडे आलेली. अंगानं काडी, आवाज त्याहून बारीक. भाजी चिरताना बोट कापलं तर स्वतःच डोळे मिटून घ्यायची.

बाबा दवाखान्यात असताना ही माझा डबा घेऊन यायची. एकदा वॉर्डातल्या सिस्टर बाबांच्या अंगाखालची चादर बदलत होत्या. माणूस उचलला नाही, खाली उतरवला नाही. एका कुशीवर वळवला, जुनी चादर पाठीशी गुंडाळली, नवी पसरली, दुसऱ्या कुशीवर वळवला, झालं. मी म्हटलं, बरं झालं, एक काम कमी. ही मात्र डबा हातात धरून तशीच उभी. आणि सिस्टरना म्हणते काय, “परत एकदा दाखवाल?” सिस्टर हसल्या. म्हणाल्या, “अगं, आता कशाला? बदलून झाली की!” पण हिच्या तोंडाकडे बघून त्यांनी शेजारच्या बेडवर पुन्हा करून दाखवलं. ही बघत होती सिनेमा बघावा तशी.

तिथून डोक्यात किडा शिरला. नर्सिंगला जायचं. घरात चर्चा झाली तेव्हा आमचे हे गप्प, दीर फोनवर गप्प, आणि मीच म्हटलं, “जाऊ दे की तिला. शिकू दे.” मला वाटलं, रक्त बघून भोवळ येणारी पोरगी, महिन्याभरात घरी बसेल, मग भांडी घासायला मला मदत होईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे असं.

ती बसली नाही. भोवळ आली, तीही दोनदा, एकदा तर ऑपरेशनच्या खोलीच्या दारातच. मॅडमनी पाणी मारलं, उभी केली आणि पुन्हा आत पाठवली. गल्लीने तिला पहिल्या दिवसापासूनच ‘सिस्टर’ म्हणायला सुरुवात केली. अजून धड थर्मामीटर वाचता येत नव्हतं, पण सिस्टर! मी रात्रंदिवस माणूस सांभाळत होते, मला कुणी साधं ‘मिस’ म्हटलं नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

मग घरात सराव सुरू झाला. पलंगाच्या चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडायचे, खुर्चीच्या पायाला बँडेज बांधायचं, उशीला इंजेक्शन द्यायचं. आमच्या ह्यांचं ब्लडप्रेशर इतक्या वेळा मोजलं की ते खरंच वाढलं. इथपर्यंत मी हसत होते. मग एका संध्याकाळी ती बाबांच्या खोलीत गेली, टबात पाणी घेतलं, पलंगाशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, मी आता तुमचं तोंड पुसणार आहे. पाणी कोमट आहे. चालेल ना?”

आणि थांबली.

मी दारात होते. म्हटलं, “अगं, विचारतेस कुणाला? ते काय अर्ज मंजूर करणार आहेत?”

“ताई, कॉलेजात विचारल्याशिवाय हात लावूच देत नाहीत,” ती म्हणाली. “आमच्याकडे सरावाला रबराची बाहुली आहे. तिलाही विचारावं लागतं. नाही विचारलं तर मॅडम मार्क कापतात.”

“आणि बाहुली काय म्हणते?”

“बाहुली नाही काही म्हणत. पण थांबावं लागतं. थांबायचेही मार्क असतात.”

मी पोट धरून हसले. रबराच्या बाहुलीसमोर तीसचाळीस पोरी हात जोडल्यासारख्या उभ्या, चालेल ना बाई, चालेल ना! हसता हसता माझं लक्ष बाबांकडे गेलं. बाबा तिच्याकडे बघत होते. डाव्या हाताचं एक बोट वर झालं. चालेल.

तिने तोंड पुसलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच पातेलं आपटलं.

त्या बोटानं माझं राज्य गेलं. खोटं वाटेल, पण बोलणाऱ्याची बोरं विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, या म्हणीचा अनुभव मी तेव्हा घेतला. ती प्रत्येक गोष्ट विचारायची. बाबा, डाव्या कुशीवर वळवू? बाबा, खिडकी उघडू? बाबा, दूध आता की नंतर? आणि बाबांना बोट वर करायची, आडवं करायची चटक लागली. विचारलं तर माणसाला मत येतं. त्यांना मतं आली. इतके दिवस मी ताटात वाढेन ते मुकाट खाणारे बाबा, एका दुपारी माझ्या चमच्यासमोर तोंड मिटून बसले. मी चमचा ओठाला लावला, त्यांनी मान फिरवली. मऊ भातात मीठ जास्त झालं होतं. असेल! पूर्वी काय कधी झालं नसेल? तेव्हा खाल्लं ना निमूट?

मी भात तसाच उचलून नेला आणि मोरीत ओतला. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं.

पहिल्या वर्षी ती शरीरशास्त्रात नापास झाली. मी चेहरा पाडून तिच्याशेजारी बसले, पाठीवरून हात फिरवला, आणि आतून मला इतका आनंद झाला की मला माझीच भीती वाटली. म्हटलं, चला, सुटलो. पण ती कसली सुटते! परत परीक्षेला बसायची तयारी तिने कुठे करावी? बाबांच्या अंगावर. तेल लावता लावता एकेका हाडाचं नाव म्हणायची. खांदा, दंड, कोपर, मनगटातली ती बारीक बारीक आठ हाडं. नावं सगळी इंग्रजी, जिभेला गाठ मारणारी. रोज ऐकून ऐकून बाबांनाही ती पाठ झाली. मनगटाशी ती एखादं हाड विसरून पुढे सरकली की बाबा ‘हूं!’ करायचे, अगदी मैदानावरच्या आवाजात. मग ती मागे जायची, शोधायची, सापडलं की दोघं हसायची. बाबांचं हसू अर्ध्याच तोंडाने यायचं. झटक्यानंतर ते मी पहिल्यांदा बघितलं, तेही दारातून, दुसऱ्या कुणासाठी आलेलं.

दुसऱ्या प्रयत्नात ती पास झाली. पेढे वाटावेत तसे बाबा सगळ्यांकडे बघत होते, जणू तेच पास झाले.

आणि थाप? ती मला मिळत होती अजून, नाही असं नाही. पण तिलाही मिळायला लागली. एका थापेचे दोन वाटे झाले. मी मनात मोजायला लागले, आज कुणाला किती. तुम्ही हसा. तुमची एकच वस्तू असती आणि तिचे वाटे पडले असते तर तुम्हीही मोजलं असतं.

दुसऱ्या वर्षी सगळ्यात कडू घास. बाबांना कुशीवर वळवून पाठ पुसताना ती थबकली. माकडहाडाशी लाल डाग होता, रुपयाएवढा. तिने बोटाने दाबला, बघितला, आणि मला हाक मारली. “ताई, इथे व्रण सुरू होतोय. दर थोड्या वेळाने कूस बदलायला हवी. एकाच जागी वजन पडतंय.”

मी डोळ्यांत तेल घालून सांभाळलेला माणूस. त्याच्या अंगावर डाग, आणि तो मला दिसला नाही, कालच्या पोरीला दिसला.

“तुमची चूक नाही हं, ताई,” ती म्हणाली. “तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.”

चूक आहे म्हणाली असती तर मी भांडले असते. ‘चूक नाही’ म्हणाली, तिथे मी काय करू? नाकाला मिरच्या झोंबल्या, पण शिंकायचीही सोय नाही. डाग तिने वाढू दिला नाही. सांगितलं तशी मीही कूस बदलत राहिले, घड्याळ बघून, दात खाऊन. जागा बरी झाली. शेजारीण म्हणाली, “घरात सिस्टर आहे म्हणून वेळेवर कळलं बाई!” मी म्हटलं, हो ना.

मग मी एक युक्ती काढली. ती कॉलेजातून यायच्या आत बाबांचं सगळं उरकून ठेवायचं. अंग पुसलेलं, तेल लावलेलं, नखं कापलेली, चादर बदललेली. ती यायची, टब घेऊन उभी राहायची आणि टब परत ठेवायची. दोनचार दिवस गेले. माझ्या जिवाला फार गार वाटलं. पाचव्या की सहाव्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “ताई, प्रॅक्टिकल जवळ आलंय. पलंगावरच्या माणसाचे केस धुवायचे असतात, हात बसवायचा आहे. तुम्ही झोपाल माझ्यासाठी?”

नाही कसं म्हणायचं? मी तिच्या पलंगावर आडवी झाले. डोक्याखाली रबरी कापड, त्याचं टोक खाली बादलीत सोडलेलं. ती माझ्या उशाशी उभी राहिली. तोच आवाज. “ताई, मी आता तुमचे केस ओले करणार आहे. पाणी मनगटावर लावून बघू? एवढं चालेल? अजून थोडं गरम करू?”

आणि थांबली.

लग्न होऊन आल्यापासून मला पाणी किती गरम हवं असतं हे कुणी विचारलं नव्हतं. मलाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, “थोडं गरम.” तिने पाणी वाढवलं, पुन्हा मनगटावर लावून दाखवलं, आणि मग एका हाताने माझं डोकं तोलून धरत केस धुतले. तिचा हात कपाळाशी आडवा, साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून. मी छताकडे बघत पडले होते. तेव्हा मला कळलं, बाबा संध्याकाळी दाराकडे का बघतात ते. एखादीचं मन निवळलं असतं हे कळून. माझा जळफळाट दुप्पट झाला. हे असं सुख बाबांना रोज मिळत होतं, आणि ते देणारी मी नव्हते.

प्रॅक्टिकलला तिला पहिल्या रांगेतले मार्क मिळाले. शेवटचं वर्ष गेलं, निकाल लागला, कौन्सिलमध्ये नोंदणी झाली. आमची काडी रजिस्टर्ड नर्स झाली. छातीवर लावायचा बिल्ला आला, तो तिने पहिला बाबांना दाखवला. मोठ्या दवाखान्यातून नोकरीचं बोलावणंही आलं.

तेव्हा आमचे हे जेवता जेवता म्हणाले, “मी काय म्हणतो, घरातच नर्स असताना बाहेरच्यांची सेवा कशाला? ही बाबांना बघेल. तुलाही जरा आराम.”

दीर त्या दिवशी घरी होता. त्याने मान खाली घातली, म्हणजे पटलं. धाकटी वाटीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काठोकाठ पाणी. सगळ्यांना विचारणारी पोरगी, स्वतःसाठी मागायची वेळ आली की मुकी.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही घरी राहिली तर सकाळपासून रात्रीपर्यंत बाबांच्या उशाशी. मग माझ्या वाट्याला काय? पोळ्या!

मी पळी खाली ठेवली. “तीन वर्षं रक्त आटवलं ते काय घरात बसायला? नोंदणी झालेली नर्स आहे ती! दवाखान्यात तिची गरज असलेली माणसं रांगेत पडली आहेत. बाबांना बघायला मी आहे. मी मेले नाही अजून. उद्या तिला घरी बसवलंत तर परवापासून स्वयंपाक तुमचा तुम्ही करायचा.”

हे असे बघत राहिले की काय विचारू नका. दीर म्हणाला, “वहिनी म्हणते तर जाऊ दे.” धाकटीने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडली. “ताई, तुमच्यामुळे झालं. तुमच्यामुळे.” दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं, जाऊ असावी तर अशी. मी पुन्हा मान हलवली. आतली गोष्ट माझी मला माहीत.

ती कामावर जायला लागली आणि दिवसभर बाबा माझे झाले. माझे! मी तिचे शब्दही उचलले, चोरून. “बाबा, पाणी कोमट आहे, चालेल ना, बरं, पुसते.” थांबायचं मला जमायचं नाही, एका दमात सगळं म्हणून टाकायची. तरी बाबा निमूट पुसून घ्यायचे, जेवायचे, मनगटावर थोपटायचेही. आणि मग मान दाराकडे वळायची.

एके दिवशी नळाला पाणी उशिरा आलं, म्हणून बाबांचं अंग पुसणं संध्याकाळवर गेलं. मी टब भरून खोलीत आणला आणि मागोमाग धाकटी दारात. वॉर्डात कामाला सिस्टर कमी आल्या होत्या, सकाळची पाळी संपूनही तिला थांबवून घेतलं होतं. केस विस्कटलेले, बूट काढताना भिंतीला हात टेकलेला. तरी आत येऊन म्हणते, “ताई, द्या, मी पुसते बाबांना.”

“मी करतेय ना.”

“तुम्ही दिवसभर करताय. द्या.”

तिने टबाची एक कड धरली. मी दुसरी सोडेना. पाणी हिंदकळून दोघींच्या पायांवर सांडलं. मी तिच्याकडे रागाने बघितलं. तिने कड सोडली, बाबांकडे वळली, आणि तिला जे येतं तेच केलं. विचारलं.

“बाबा, आज अंग कुणी पुसू? मी, की ताई?”

आणि थांबली.

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी विचारला नव्हता. उत्तराची भीती होती म्हणूनच विचारला नव्हता. मी टब छातीशी धरून उभी. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, डोक्यापासून पायापर्यंत. मग डावा हात चादरीबाहेर काढला, आणि बोट माझ्याकडे केलं.

माझ्याकडे! मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं. मी तिच्याकडे असं बघितलं की आता सांगायलाही लाज वाटते. म्हटलं, बघ सिस्टर, बघ.

पण हात खाली आला नव्हता. बोट माझ्यावरून तिच्याकडे गेलं. तिच्या पायांकडे. पाय सुजून बुटांच्या कडांचे वळ उठले होते. तिथून बोट खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेलं आणि तिथेच राहिलं. बाबांनी ‘हूं!’ केलं, जोरात.

“काय पाहिजे, बाबा?” धाकटी गोंधळली. “खिडकी उघडू? पाणी देऊ?”

बाबांचं बोट आडवं. पुन्हा खुर्ची. पुन्हा ‘हूं!’

ती जग समजून घेणारी बाई, तिला हे समजेना. मला मात्र पहिल्याच क्षणी समजलं होतं. त्यांनी मला निवडलं नव्हतं. तिला सोडवलं होतं. मी या खोलीत वर्षानुवर्षं उभी राहिले, कंबर धरून, पाय ओढत, पण माझ्यासाठी त्या खुर्चीकडे बोट गेल्याचं मला आठवत नव्हतं. मी गप्प राहिले असते तर तिला कधी कळलंही नसतं. ती खिडकी उघडत बसली असती, मी बाबांना पुसलं असतं, थाप घेतली असती, आणि जिंकले म्हणून झोपले असते. तसंच करायचं फार मनात आलं.

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना सांगायचं होतं, आणि सांगायला या खोलीत माझ्याशिवाय त्यांना कुणी नव्हतं.

मी टब खाली ठेवला.

“बस म्हणतायत ते तुला,” मी म्हटलं. “पाय सुजलेत तुझे. बस.”